चंद्रहास निमकरांची हाक

चंद्रहास निमकर न्यूझीलंडमधल्या वानाका गावात राहायला आले ते दोन हजार चारच्या हिवाळ्यात, आणि गावातल्या बहुतेकांची अटकळ होती की हा माणूस उन्हाळा यायच्या आत परत जाईल. साठीकडे झुकलेला, एकटा, अंगाने किरकोळ, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने मान पुढे करून ऐकावं. पण औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले की निमकरांच्या हाताला चूक ठाऊक नसे. दोन औषधं एकमेकांशी पटणारी नसली तर ते डॉक्टरांना फोन करत. बोलताना दहा वेळा माफी मागत, पण सांगितल्याशिवाय राहत नसत. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हे आवडलं. निमकर राहिले.

मूळचे ते ठाण्याचे. शहाण्णव साली पत्नी सुनीती आणि बारा वर्षांची मुग्धा यांना घेऊन न्यूझीलंडला आले, पन्नाशीला टेकताना पुन्हा परीक्षेला बसले आणि पोरिरुआच्या एका फार्मसीत लागले. सात वर्षं बरी गेली. आठव्या वर्षी सुनीती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. मुग्धा टौरंगाला नोकरीला लागली. निमकरांना पोरिरुआत राहणं जड जाऊ लागलं, ते घरामुळे नव्हे, माणसांमुळे. गणपतीला मराठी मंडळी जमली की हे दारात दिसताच हसण्याचे आवाज खाली यायचे. आपल्यामुळे लोकांना हसता येत नाही, हे त्यांना सोसेना. दक्षिणेला एका छोट्या गावात जागा निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, एवढीच त्या गावाबद्दल त्यांना माहिती होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकतीस वर्षांच्या संसारात निमकरांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या वडिलांनीही मारली नव्हती. लग्नात घास भरवताना आत्याने अडवून धरलं म्हणून एकदा नाव घेतलं, तेही असं पुटपुटत की मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही. त्यानंतर सुनीती म्हणजे 'अगं'. जवळ असली तर नुसतं 'अगं', आतल्या खोलीत असली तर 'अगं, ऐकलंस का?' आणि आतून उत्तर यायचं, "काय हो?" पोरिरुआच्या सुपरमार्केटमध्ये सुद्धा ते डब्यांच्या रांगेच्या ह्या टोकाला उभे राहून 'अगं' म्हणत आणि पलीकडून सुनीती ट्रॉली ढकलत बरोबर यायची. मुग्धा लाजून चूर व्हायची. सगळे बघतात, सरळ नाव घ्या ना, म्हणायची. निमकरांना ते जमलं नाही. इस्पितळात फॉर्म भरताना नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही त्यांनी तोंडाने न सांगता कागदावर लिहून दिलं होतं.

सुनीती गेली आणि तो शब्द तोंडात तसाच राहिला. वानाकाच्या दोन खोल्यांच्या घरात निमकर सकाळी चहा टाकत, रात्री भाताचा कुकर लावत, आणि दिवसभरात मराठीचा एक शब्द कुठे उच्चारायची वेळ येत नसे. रविवारी मुग्धाचा फोन यायचा. हे मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

कुत्री घरात आली ती दोन हजार सातच्या जानेवारीत. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाचा मेंढ्यांचा मोठा फार्म होता. तिथली कुत्री भुंकून भुंकून मेंढरं हाकतात; भुंकणं हाच त्यांचा धंदा. पण नुकत्याच झालेल्या वेतातलं एक पिल्लू भुंकतच नव्हतं. मेंढरांपुढे नेलं तर नुसतं बघत उभं राहायचं. शेतकरी म्हणाला, हिचा मला उपयोग नाही, पण तुमच्यासारख्या गप्प माणसाला चालेल. निमकरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर पिल्लू त्यांच्या कोटाच्या आत शिरलं होतं.

नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करावी लागते, मानेत चिप बसवावी लागते. फॉर्मवर नावाचा रकाना होता. निमकरांनी मुग्धाला फोन केला. डोळ्यांचा रंग कसा आहे, तिने विचारलं. फिकट तपकिरी, जरा हिरवट, असं त्यांनी सांगितलं. मग हेझल, ती म्हणाली. निमकरांनी फॉर्मवर हेझल लिहिलं, प्राण्यांच्या डॉक्टरकडच्या कार्डावर हेझल लिहिलं, गळ्यातल्या पट्ट्यावरच्या चकतीवर हेझल कोरून घेतलं.

आणि घरी येऊन दार लावल्यावर म्हणाले, "अगं, चल आत."

ठरवून नव्हे. तोंडाने आपलं आपण केलं. कुत्रीने मान वर करून पाहिलं. निमकर जागच्या जागी उभे राहिले. त्यांना वाटलं आपण काहीतरी वाईट केलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला अडवणं सोडून दिलं. अगं, पाऊस येणारसं दिसतंय. अगं, आज मीठ जास्त झालं. ती शेपटी हलवायची, किंवा नुसतीच कान टवकारायची. चार लोकांत मात्र ते तिला हाकच मारत नसत. हातात दोरी असली की हाकेची गरज पडत नाही. रस्त्यात कुणी "हॅलो, हेझल!" म्हटलं की कुत्री दुसरीकडे बघत राहायची. न भुंकणारी कुत्री ऐकतेही कमी, असं लोक समजून गेले.

बर्फावर त्यांना नेलं ते नायरीने. नायरी दुकानातली जुनी गिऱ्हाईक, सत्तरीची, निवृत्त शाळामास्तरीण, हाडाने आणि आवाजाने खणखणीत. वानाकापासून तासाभराच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर एक सपाट पसरलेलं बर्फाचं मैदान आहे. तिथे ती आठवड्यातून दोन दिवस लाकडी खोलीत बसून नकाशे वाटायची, चहा करायची. उतारावरून सुसाट खाली येण्याचं ते स्कीइंग नव्हे. इथे पायाची टाच मोकळी असते, आणि माणूस लांब लांब पावलं टाकत, हातातल्या काठ्या रोवत, सपाटीवरून घसरत चालतो. तुझ्या गुडघ्यांना आणि तुझ्या तोंडाला दोन्हींना जरा व्यायाम हवा, असं नायरीने त्यांना सांगितलं आणि आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या जुन्या स्की आणून दिल्या. निमकर पहिल्या हिवाळ्यात इतक्यांदा पडले की पडण्यातलं सगळं शिकले. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना चालता येऊ लागलं. तिसऱ्यात गोडी लागली. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही आणि न बोलल्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

कुत्रीला न्यायचं ठरलं तेव्हा निमकरांनी आधी प्राण्यांच्या डॉक्टरला गाठलं. एखाद्या नव्या औषधाची माहिती घ्यावी तसे दीड पान प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरने सांगितलं, वर्षाच्या आतल्या कुत्र्याची हाडं टोकांना अजून कच्ची असतात. लांब पळवायचं नाही, अंगाला पट्टा बांधून ओढायला लावायचं नाही. एरवी पन्नास मिनिटं चालत असेल तर बर्फात त्याच्या निम्मी. बोटांच्या बेचक्यांत बर्फाच्या गोळ्या धरतात, त्या धरू नयेत म्हणून पंजांना मेण चोळायचं. बर्फ खाऊ द्यायचा नाही, कोमट पाणी बरोबर न्यायचं. आणि सगळ्यांत मोठी धास्ती स्कीची. निमकरांच्या त्या जुन्या स्कींना पोलादी कड होती. कुत्रं पुढ्यात आलं तर पायाची शीर कापून जाईल.

निमकरांनी दुकानातल्या मशीनवर मेणाच्या डबीसाठी लेबल छापलं. वर हेझल निमकर, खाली 'निघण्यापूर्वी एकदा, चारही पंजांना, बाहेरून लावण्यासाठी'. नायरी ते बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

जून-जुलै, म्हणजे तिथला ऐन हिवाळा, त्यांनी शिकवण्यात घालवला. आधी स्कीशिवाय, मग स्की घालून घरामागच्या गवतावर. कुत्री नेहमी डाव्या हाताला, एक पाऊल मागे. उतार आला की तिला वर बसवायचं, आपण आधी खाली जायचं, थांबायचं, मग बोलवायचं. आसपास कुणी नसे, त्यामुळे बोलवायचं ते 'अगं' म्हणूनच. ती यायची. शंभरात शंभर वेळा यायची. निमकर मनाशी म्हणत, एवढं तरी आपल्याला नीट जमलं.

ऑगस्टमधला बुधवार होता. बुधवारी त्यांना सुट्टी असे. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. जेवून वर पोचेस्तोवर एक वाजला. निमकरांनी पंजांना मेण चोळलं, थर्मासमध्ये कोमट पाणी भरलं, घड्याळ लावलं. कुत्र्यांना मुभा असलेली एकच वाट त्या मैदानावर होती. ती धरून बारा मिनिटं जायचं आणि तिथूनच मागे वळायचं असा बेत. जाताना सगळं बरोबर झालं. कुत्री डावीकडे, एक पाऊल मागे. सगळीकडे पांढरं, वाऱ्याचा आवाज आणि स्कीखालची सरसर. बाराव्या मिनिटाला त्यांनी तिला पाणी पाजलं, बेचकीतल्या दोन गोळ्या काढल्या आणि परत फिरले.

येताना एक लहानसा उतार होता. निमकरांनी तिला वर बसवलं आणि उतरू लागले. अर्ध्यावर होते तेवढ्यात डाव्या बाजूच्या झुडपातून ससा उठला. दहा महिन्यांचं वय ते. ती बसल्या जागेवरून सुटली आणि सशामागे आडवी धावत थेट त्यांच्या स्कीच्या रेषेत आली. निमकरांनी विचार केला नाही. कड तिच्याकडे जाऊ नये म्हणून उजवीकडे अंग टाकून दिलं. डावा पाय स्कीत अडकून मागे राहिला आणि गुडघ्यात काहीतरी पिळलं.

ससा गेला. कुत्री परत आली, त्यांच्या कानाशी नाक लावून बसली. त्यांनी पडल्या पडल्या तिचे चारही पाय चाचपून पाहिले. रक्त नव्हतं. त्या आनंदात तिला दोरी अडकवायचं त्यांना सुचलं नाही.

पंधरा मिनिटांनी एक बाई त्या वाटेने आल्या, त्यांनी जाऊन वर्दी दिली, आणि हेमी बर्फावरची मोटारगाडी घेऊन आला; त्या बाई वाट दाखवायला त्याच्यामागे बसलेल्या. हेमी म्हणजे त्या मैदानाचा गस्तवाला, चाळिशीचा, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतला गडी, मान आणि खांदे एकच. गाडीला मागे घसरगाडी जोडलेली. ते इंजिन टेकाडावरून गुरगुरत एकदम अंगावर आलं. कुत्रीने असलं जनावर कधी पाहिलं नव्हतं. ती मागे सरली, आणखी मागे सरली आणि पळाली.

तेव्हा ती पन्नास पावलांवर होती. निमकरांचा आवाज सहज पोचला असता. पण हेमी वाकून त्यांच्या गुडघ्याकडे बघत होता, त्या बाई शेजारी उभ्या होत्या, आणि निमकरांच्या तोंडून निघालं, "हेझल! हेझल!"

कुत्रीने मागे वळूनही पाहिलं नाही. टेकाडाच्या कडेवर तिचं काळं अंग एकदा दिसलं आणि पलीकडे उतरलं.

खोलीत आणून त्यांना शेकोटीजवळच्या बाकावर बसवलं. गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. नायरीने त्यावर बर्फाची पिशवी बांधली, हातात दुधाचा चहा दिला आणि स्की चढवून हेमीबरोबर शोधायला गेली. सत्तरीची बाई आपल्या कुत्र्यासाठी चालली आणि आपण चहा पितो आहोत, ह्याची निमकरांना इतकी शरम वाटली की चहा तसाच निवला.

टेकाडापलीकडे घळ होती. घळीत ओढा, ओढ्यावर बर्फाची पातळ साय. माणसाच्या वजनाने ती मोडते म्हणून तिकडे झेंडे लावलेले. कुत्र्याच्या वजनाने मोडेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं.

तासाभराने दोघं परत आले. ती दिसली होती, घळीच्या ह्याच बाजूला. हेमीने इंजिन बंद केलं, दोघांनी हाका मारल्या. तिने पाहिलं. पण एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन मागे जायची, ओढ्याकडे. म्हणून ते थांबले. आणि आता पश्चिमेकडून ढग खाली येत होता. चारला तो मैदानावर टेकणार, त्यानंतर डोंगरावर कुणी राहायचं नाही असा तिथला नियम. सव्वातीन झाले होते.

नायरीने हातमोजे काढले. घरी तिला कोणती हाक मारतोस, तिने विचारलं.

"हेझल," निमकर म्हणाले.

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शाळेत चाळीस वर्षं मुलांचं खोटं ऐकलेली बाई ती. ती एका डब्यात बिस्किटांचे तुकडे भरू लागली. हेमी दारात उभा राहून ढगाकडे बघत होता.

निमकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. लांबचे खांब दिसेनासे झाले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे ती बर्फाची साय आली, आणि तिच्यावर उभी असलेली, कुठून तरी एक शब्द येईल म्हणून कान टवकारलेली कुत्री. तो शब्द ह्या खोलीत, त्यांच्या दातांमागे होता.

"नायरी," ते म्हणाले, "तिला तिचं नाव ठाऊक नाही."

डब्यातला हात थांबला.

"मी ती हाक कधी मारलीच नाही. आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. एक दुसरा शब्द असतो. तो नाव नाही. त्याचा अर्थही काही नाही. बायको गेली, आणि मग ही आली, आणि…" पुढचं त्यांना इंग्रजीत सापडेना. मराठीतही सापडलं नसतं.

निमकरांना वाटलं आता हसतील. किंवा हसणार नाहीत, ते त्याहून वाईट. नायरी शेजारी येऊन बसली, पेन उघडलं आणि म्हणाली, "सांग. हळू सांग, म्हणजे मला लिहिता येईल."

बायको गेल्यापासून परक्या माणसांसमोर निमकरांनी तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला. मग पूर्ण हाक. शेवटी आवाज जरा वर न्यायचा, त्यांनी शिकवलं, विचारल्यासारखा. नायरीच्या तोंडी तो 'आगा' झाला, मग 'अग्गा'. हेमीला मात्र पहिल्याच खेपेला बसला; शेवटी वर जाणाऱ्या सुरासकट बसला. माओरी बोलणाऱ्या जिभेला तो सूर परका नसावा. त्याने दारातच दोनदा म्हणून पाहिला, मान हलवली, "स्वीट ॲज", म्हणजे तिथल्या बोलीत झकास, असं म्हणाला, आणि ह्या खेपेला गाडी न घेता स्कीवर निघाला. नायरी त्याच्यामागून जायला वळली, पण उंबऱ्याशी थांबली.

"तिचं नाव काय होतं?"

निमकरांना वाटलं कुत्रीचं विचारते आहे. मग कळलं.

"सुनीती," ते म्हणाले.

दार लागलं. खोलीत कुणी उरलं नाही. निमकर एका पायावर उड्या मारत खिडकीशी गेले, कडी काढली आणि फट ठेवून तिथल्या खुर्चीत बसले. थंड हवा आत आली. ढग टेकाडाला लागला होता. बराच वेळ काही नव्हतं.

मग लांबून, पांढऱ्यातून, हाक आली.

"अगं… ऐकलंस का…"

पुरुषाचा आवाज. परका, भरदार, आणि तरी शेवटाला नेमका वर गेलेला. मागोमाग बाईचा, जरा चुकीचा. पुन्हा पुरुषाचा.

ही हाक निमकरांनी एकतीस वर्षं दिली होती. ऐकली कधी नव्हती. आत बसलेल्या माणसाला ती कशी येत असेल, कानाला की पाठीला, ह्याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्यांच्या ध्यानात आलं की आपण खुर्चीतून अर्धे उठलो आहोत, दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन. ती अशीच उठत असेल का, हात पिठात असताना? आणि आपण काय सांगायचो? पाऊस येणारसं दिसतंय. चष्मा कुठे ठेवला. दूध वर येतंय वाटतं.

हाका थांबल्या. ही शांतता चांगली की वाईट, ते कळायला मार्ग नव्हता. निमकरांनी घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. चारला नऊ मिनिटं कमी होती. चारला चार. मग ढगातून आधी हेमीचे खांदे निघाले, मग नायरी कमरेत वाकून चालत असलेली, आणि तिच्या हातातल्या दोरीला, डावीकडे, एक पाऊल मागे, कुत्री.

कसं झालं ते नायरीने नंतर सांगितलं. हेमीने हाक दिल्याबरोबर ती ओढ्याच्या काठावरून वळली आणि सरळ वर आली. पण दहा पावलांवर थांबून त्याच्या बाजूने, मागून, इकडेतिकडे बघू लागली. माणसं वेगळी, शब्द ओळखीचा. शब्दाचा धनी कुठे ते शोधत होती. तेव्हा नायरी पाठ करून बर्फात बसली आणि आपल्या वाईट उच्चारात तोच शब्द हळूहळू म्हणत राहिली, थेट पाठीला नाक लागेपर्यंत.

बाकावर बसून निमकरांनी कुत्रीचे पंजे मांडीवर घेतले आणि बेचक्यांतल्या बर्फाच्या गोळ्या बोटांच्या उबेने एकेक करून विरघळवल्या. सोळा होत्या.

रविवारी मुग्धाचा फोन आला. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पण काय हाक मारली ते गाळून. ती फार्मसिस्टची मुलगी; गाळलेलं तिला कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "यू कॉल्ड हर 'अगं', डिडन्ट यू?"

निमकरांनी पायाशी बसलेल्या कुत्रीकडे पाहिलं. तिकडून टौरंगातल्या रस्त्यावरच्या मोटारी तेवढ्या ऐकू येत होत्या. मग मुग्धा मराठीत बोलली, अडखळत, शब्द पेटीतून काढून झटकावेत तशी. "आई मला एकदा म्हणाली होती. हे हाक मारतात ना, तेव्हा काही काम नसतंच. मी आहे का, एवढंच बघतात."

निमकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मग जात का होती ती, काम नसताना?"

"डोन्ट नो, बाबा. जायची."

गुडघा बरा व्हायला वसंत उजाडला. तोवर निमकरांनी आपलं आपण एक ठरवलं होतं. आपण उद्या पडलो, दुकानात पडलो, घरात पडलो, तर कुत्रीला बोलावणारा माणूस दुसराच कुणी असणार. आणि जी हाक एकाच माणसाला मारता येते ती हाक धोक्याची. दोन्ही चालू ठेव की, नायरी म्हणाली. पण शिकवताना गोंधळ नको, एका जिवाला एकच हाक, असं प्राण्यांच्या डॉक्टरचं मत पडलं आणि निमकरांनी ते मानलं. एकमेकांशी न पटणारी औषधं एकत्र द्यायची नाहीत, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं. रोज संध्याकाळी घरामागच्या गवतावर ते उभे राहत आणि म्हणत, "हेझल." ती आली की बिस्किटाचा तुकडा. नाही आली तर थांबायचं, पुन्हा म्हणायचं. जीभ चुकून 'अ'कडे वळली तर ओठ मिटून घ्यायचे. पहिल्या महिन्यात कुत्रीपेक्षा तेच जास्त चुकले. ख्रिसमसपर्यंत ती रस्त्यात कुणीही "हॅलो, हेझल" म्हटलं तरी शेपटी हलवू लागली. मग घरातही तेच झालं. हेझल, पाऊस येणारसं दिसतंय. हेझल, मीठ जास्त झालं. वाक्यं जुनीच, पण ती पूर्वीसारखी येईनात, आणि हळूहळू कमी होत गेली.

पुढच्या हिवाळ्यात ते दोघं पुन्हा डोंगरावर गेले. ती आता पुऱ्या वाढीची झाली होती. डॉक्टरने तासाभराची परवानगी दिली होती. उतारावर निमकर तिला वर बसवत, खाली जात, थांबत आणि खणखणीत आवाजात, लोकांदेखत, तिचं नाव घेत. पाच-सात माणसं वाटेत असली तरी.

अशाच एका बुधवारी ते सपाटीवरून चालले होते, आणि पलीकडच्या वाटेवरून हेमी जात होता. गेल्या वर्षीची आठवण झाली असावी. त्याने काठी उंच केली आणि मजेने साद घातली, "अगं! ऐकलंस का?"

हेझल डावीकडे, एक पाऊल मागे, शिकवल्याप्रमाणे चालत राहिली. तिने कान सुद्धा हलवला नाही.

थांबले ते निमकर. मग हेमीला हात करायला हवा, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात केला.